एक बोल्ट, तीन वेढे तार

आधी हसून घ्या, मग बोलतो. मी साडीगार्ड आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी डाव्या अंगाला जी लोखंडी जाळी असते ना, बाईमाणसाचा पदर चाकात जाऊ नये म्हणून, ती मी. नवी गाडी घेतली की पोरं पहिल्यांदा मलाच काढतात, कधीकधी तर शोरूमच्या दारातच. म्हणे लूक बिघडतो. आईचा पदर चाकात गेल्यावर लूक कसा दिसतो, तेही एकदा बघून घ्या म्हणावं.

माझं बोलणं तिखट लागेल. लागू दे. लोहाऱ्यात एका घराच्या पडवीत, तेराशे सीसीच्या गाडीला मी एका बोल्टावर आणि तीन वेढे तारेवर लटकलोय. अर्धं अंग चुलीवर भाजून काळं पडलंय. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मला सिद्धारामनं घडवलं. त्याचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. उसाच्या ट्रॉल्यांचे मोडके आस जोडण्यात त्याचं आयुष्य चाललेलं. एक दिवस हैदराबादेहून टेम्पोत घालून त्यानं अपघातात चेपलेली परदेशी टूरिंग गाडी आणली. फ्रेम वाकलेली, रेडिएटर फुटलेला, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. गल्लीतली माणसं म्हणाली, सिद्धाराम खुळा झाला. तो चौदा महिने तिच्यामागं खपला. फ्रेम सरळ केली, ट्रॅक्टरवाल्याकडून रेडिएटर झाळून घेतला, इंजिन खोलून एकेक व्हॉल्व्ह हातानं घासून बसवला. पहिल्यांदा ती चालू झाली तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि परत दोन दिवस आली नाहीत. कारागीर म्हणून त्याला माझा आजही रामराम आहे. माणूस म्हणून काय ते पुढं सांगतो.

एवढी गाडी कशासाठी? अव्वासाठी. अव्वा म्हणजे त्याची आई नागम्मा. सीमेकडची माणसं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अव्वाला गाडी लागते. एसटीत पाय ठेवला की मळमळ, जीपमध्ये बसली की उलटी. तिची थोरली बहीण नीलक्का कोप्पळच्या अलीकडं एका खेड्यात दिलेली, इथनं तीनशे किलोमीटर. एकोणीस वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला अव्वा बसनं गेली आणि लग्नाऐवजी दवाखान्यात सलाईन लावून पडली. तेव्हापासून दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. आज भाजी काय केलीस, गुडघा कसा हाय, एवढंच, पण रोज.

दुचाकीवर मात्र अव्वाला काही होत नाही. तोंडाला वारा लागला की ती खुशीत असते. पण सिद्धारामच्या शंभर सीसीच्या फटफटीवर उमरग्यापर्यंत गेली तरी तिची कंबर धरते. म्हणून ही गाडी. रुंद सीट, पाठीला टेकू, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. आणि अव्वा एका बाजूला पाय सोडून बसणार म्हणून मी.

खिडकीच्या ग्रिलच्या उरलेल्या सळयांतून त्यानं मला वाकवलं. अव्वाला उभ्या गाडीवर बसवलं आणि तिच्या पायाखाली खडूनं खूण केली.

"इथं?"

"जरा खाली घे रे. डावा गुडघा वाकत न्हाय माझा."

मग पाय ठेवायची पट्टी त्यानं चार बोटं खाली घेतली. जगात माझ्यासारखा दुसरा साडीगार्ड नाही, मी त्या एका गुडघ्याच्या मापाचा आहे. अव्वानं माझ्यावर हात फिरवला आणि त्या संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगितलं, "अक्का, जाळी बसवली बघ. आता येते मी."

तेवढ्यात तो मल्हार आला.

मल्हारचं धाराशिवला मोबाईलचं दुकान आहे आणि रविवारी गाड्या पळवायचा नाद आहे. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मला बघून पोट धरून हसला. "तेराशे सीसीला साडीगार्ड? सिद्ध्या, हत्तीला घुंगरू बांधलास की." मग खिशातनं फोन काढून त्यानं रेस दाखवली. चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. ढोकीच्या पुढं रिकाम्या प्लॉटांमधला डांबरी रस्ता एक क्लब परवानगी काढून दिवसभर बंद ठेवणार होता. "तुझं इंजिन तिथं दाखव एकदा," मल्हार म्हणाला. "चौदा महिने काय आईला देवदर्शन करवायला मेहनत केलीस व्हय?"

सिद्धारामनं तिथंच सांगायला पाहिजे होतं, व्हय, त्याचसाठी केली. तो नुसता हसला. मला राग येतो तो त्या हसण्याचा. मल्हार परका माणूस, त्याला काय घेणंदेणं.

मग वजन कमी करायचं खूळ सुरू झालं. पेट्या काढल्या, समोरची काच काढली, आरसे काढले, स्टँड काढला. अव्वाची रुंद सीट काढली. मागचं चाक धरणारा चिमटा कापून सहा इंच लांब केला, म्हणजे सुटताना पुढचं चाक उचलायचं नाही. एका संध्याकाळी मल्हारनं पाना माझ्या बोल्टाला लावला. मला शेजारच्या किराणा दुकानातल्या तराजूत टाकलं. एक किलो आठशे पन्नास. मल्हारला एवढा आनंद झाला, जसं काय गाडीच्या पोटातनं दगड निघाला. आणि गाडीवर बसणारा सिद्धाराम स्वतः ब्याऐंशी किलोचा. त्या दोघांनी त्याच संध्याकाळी ढाब्यावर माझ्या वजनाचं मटण खाल्लं असेल. ते कुणी तोलत नाही.

मला भंगाराच्या ढिगावर टाकलं. अव्वानं तिथनं उचललं.

"राहू दे. माझी जाळी हाय ती," ती म्हणाली.

"रेस झाली की परत लावतो, अव्वा. लगेच जाऊ नीलक्काकडं."

"बरं."

बरं म्हणाली ती. मला वाटलं होतं भांडेल. अव्वाचाही मला राग आहे, तेही सांगून टाकतो. तिनं मला चुलीवर ठेवलं आणि माझ्यावर वांगी भाजायला लागली. परदेशी गाडीचा मी, आणि वांग्याचं पाणी अंगावर घेत बसलो. रेस आधी एका महिन्यावर होती. मग पावसानं पुढं गेली, मग क्लबच्या परवानगीनं पुढं गेली. तीन महिने वांगी. रोज संध्याकाळी फोनवर नीलक्काचा आवाज बारीक होत गेला. ते चुलीपाशी असल्यामुळं मला ऐकू यायचं. दुकानात लेथच्या आवाजात सिद्धारामला यायचं नाही.

रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, नीलक्काच्या मुलाचा फोन आला. आई दोन दिवस काही खात नाही, नागूला, म्हणजे अव्वाला, बोलवा म्हणते.

अव्वा तशीच दुकानात गेली. सिद्धाराम आणि मल्हार गाडीचं क्लच बसवत होते. मधलं दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आज निघू या का, बाळा?"

"आज कसं, अव्वा? गाडी बघ की. सीट न्हाय, जाळी न्हाय. उद्या रेस हाय. परवा पहाटे निघू, दुपारी जेवायला तिथं."

मल्हार म्हणाला, "मावशी, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. तुम्ही काळजी करू नका."

संध्याकाळी तिनं परत विचारलं, उद्या पहाटे जमंल का. सिद्धाराम म्हणाला, परवा. तिनं माझ्यावर भाजलेलं वांगं सोललं, दोघांना वाढलं, आणि पिशवी भरली. दोन लुगडी, चार लिंबं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एक गठ्ठा. त्या पिशव्या कशासाठी, हे मला कळलं. मी लोखंड असून कळलं.

रविवारी सिद्धाराम गाडी टेम्पोत घालून उजाडताच गेला. तासाभरानं अव्वानं दाराला कडी घातली आणि ती एसटीला गेली. कुणाला सांगितलं नाही.

रेस मी पाहिली नाही. पण मल्हारनं तो व्हिडिओ पडवीत पुढं इतक्यांदा लावला की मला पाठ आहे. अकरा सेकंदात खेळ संपतो. सिद्धारामचा दुसरा नंबर आला. मल्हारचं म्हणणं, अजून दोन किलो कमी असतं तर पहिला होता. आता काय, पोराचे कान कापून टाकायचे होते का?

संध्याकाळी सिद्धाराम कप घेऊन घरात आला आणि अव्वाला हाका मारत फिरला. चूल थंड, मी चुलीवर. तेवढ्यात नीलक्काच्या मुलाचा फोन आला. सिद्धारामनं स्पीकर लावला होता. "आमची आई दुपारी तीनला गेली. नागम्मा मावशी आत्ता पोचल्या. बसनं आल्या, लई हाल झालेत त्यांचे."

सिद्धाराम चुलीपुढं खाली बसला. त्या दिवशी सकाळी सातला जरी त्याच्या गाडीवरनं निघाले असते, तरी दीडपर्यंत पोचले असते. हा हिशेब त्यानंही केला असणार, कारण त्यानं एकदम मला चुलीवरनं उचललं. मी भाजलेला, तेलकट, लसणाचा वास येणारा. स्टँड आणि सीट बसवली. मला लावायला गेला, तर चिमटा लांब केलेला, भोकं जुळेनात. एक बोल्ट कसाबसा बसला. दुसऱ्या टोकाला त्यानं बांधायची तार घेतली आणि तीन वेढे मारले.

तर ज्या प्रवासासाठी मी जन्मलो, तो प्रवास झाला. तीनशे किलोमीटर, मागची सीट रिकामी. आम्ही पोचलो तेव्हा रातोरात माती देऊन माणसं परतत होती. एवढी ताकदीची गाडी, तिथंही उशिराच पोचली.

तिसऱ्या दिवशी अव्वा पिशवी घेऊन अंगणात आली. माझ्याकडं बघितलं.

"जाळी लावलीस व्हय."

"व्हय, अव्वा. बस. हळू नेतो."

"तिच्याकडं यायला गाडी पाहिजे होती रे," अव्वा म्हणाली. "तिच्याकडनं जायला एसटी चालती."

आणि ती स्टँडकडं चालू लागली. सिद्धाराम काय करणार? गाडी चालू केली आणि बसच्या मागं लागला. लिंगसूर, सुरपूर, शहापूर, बस थांबेल तिथं थांबायचं. पुढं जायची त्याची हिंमत नव्हती. खिडकीतनं अव्वाचं डोकं बाहेर यायचं, आणि आम्ही मागनं ते बघायचो. प्रत्येक स्टँडवर तो पाण्याची बाटली घेऊन खिडकीखाली उभा. ती चूळ भरायची आणि बाटली परत द्यायची. शहापूरला ती खाली उतरली. चहाच्या टपरीपुढच्या बाकाकडं बोट केलं.

"तिकडं जाताना इथं पडले होते मी. दोन तास. उठवंना. एक गाडी सोडली, तवर दुसरी लागली."

ती परत बसमध्ये चढली. सिद्धाराम त्या बाकाकडं बघत राहिला. बसनं हॉर्न दिला तेव्हा भानावर आला.

या गोष्टीला आठ महिने झाले. अव्वा मला परत चुलीवर नेत नाही आणि सिद्धाराम मला नीट वेल्ड करत नाही. हात लावायला भितो. परवा मल्हार आला होता. नवी रेस आहे म्हणाला, आणि सवयीनं पाना माझ्या बोल्टाला लावला. सिद्धारामनं तो पाना काढून घेतला आणि पेटीत टाकला. बोलायचं सगळं वेळेवर राहून जातं या माणसाचं. तुम्हाला मात्र माझं एक सांगणं आहे. मला काढायचं तर खुशाल काढा, पण ज्या बाईसाठी लावलं होतं, तिला आधी जिथं जायचंय तिथं पोचवा. आणि सिद्धाराम, दुसरा बोल्ट लाव. तारेवर किती दिवस चालायचं?

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बसमागनं उमरग्याला पोचलो तेव्हा लोहाऱ्याची बस रद्द झाली होती. जीप खच्चून भरलेली. अव्वानं जीपकडं बघितलं, डिझेलचा वास आला तशी तोंडाला पदर लावला. पोटात आता काही उरलं नव्हतं तिच्या. मग ती गाडीपाशी आली. चार बोटं खाली घेतलेल्या माझ्या पट्टीवर तिनं डावा पाय ठेवला. गुडघा वाकवावा लागला नाही. पदर मांडीखाली खोचला. तेवढेच वीस-बावीस किलोमीटर मी तिला नेलं.

सिद्धारामनं घाईघाईनं गाडी चालू केली. अव्वानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सावकाश घे," ती म्हणाली. "आता कशाची घाई हाय?"