पावणेतीन तासांचं विमान

मस्कत ते मुंबई, विमानानं पावणेतीन तास. पनवेलहून चिपळूण गाठायला याहून जास्त वेळ लागतो, असं महमूद फोनवर सांगायचा. अम्मीला ते इतकं पटलं होतं, की दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईलाही ती हेच ऐकवायची. नवं विमानतळ सुरू झाल्यापासून तर उलव्याकडून घरघर ऐकू आली की खाटेवरून विचारायची, "महमूद आला का गं?"

आलेला नसायचा. अम्मीचं गू-मूत काढत होती ताहिरा, त्याची थोरली बहीण. पावसाळ्यापासून तिनं त्याला तीनदा बोलावलं. दर वेळी एकच उत्तर, "आपा, पावणेतीन तासांचं तर विमान. हाक मारलीस की आलोच." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! ताहिराला त्या पावणेतीन तासांची चीड यायला लागली होती.

अम्मी पहाटे गेली. ताहिरानं मस्कतला कळवलं. थोड्या वेळानं महमूदचा फोन आला. आवाज तुटत होता, पण शब्द नीट कळले. "तिकीट मिळालं. असरच्या नमाजाआधी पोचतो. अम्मीला तेवढं थांबव, आपा."

जमातीचे कासम मामू विचारायला आले. "बेटी, जनाजा दुपारी जोहरला की संध्याकाळकडे असरला? मय्यतला उगाच ताटकळत ठेवू नये. पण महमूद येत असेल तर थांबू, तेवढ्यानं काय बिघडतं?"

'असरला' एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोक्यात गेलं. अम्मी एवढे महिने थांबली तेव्हा हा कुठे होता? आता शेवटचं तोंड बघायला बरा धावतोय. एकदा त्यालाही कळू दे.

"त्याला उद्याचं तिकीट मिळालंय, मामू," ती म्हणाली. "जोहरलाच उरका."

जनाजा उंबऱ्याबाहेर पडला आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. मागे धावावं, मामूंना अडवावं, खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण एवढ्या माणसांसमोर जीभ रेटेना. भिंतीला टेकून ती स्वतःलाच शिव्या देत राहिली. असं कुणी शत्रूशीसुद्धा करत नाही.

चारच्या सुमारास महमूद आला. रिकामी खाट बघून दारातच खाली बसला. मग कुणीतरी त्याला कब्रस्तानात नेलं. परतला तेव्हा हाताला ओली माती होती. तोवर ताहिरानं ठरवलं होतं, सगळं सांगायचं.

"महमूद, मी मामूंना..."

"मामूंनी सांगितलं, तुला 'उद्या' असं ऐकू आलं. तुझी काय चूक? फोनच धड लागत नव्हता. मीच पुन्हा करायला हवा होता." तो तिच्यासमोर बसला. "आपा, अरबाबनं तीनदा रजा नाकारली. मालकच तो, पासपोर्ट त्याच्याकडे. तुम्हाला घोर नको म्हणून मी पावणेतीन तासांच्या बाता मारत राहिलो. आज त्याला म्हटलं, पासपोर्ट दे, नोकरी ठेव तुझ्याकडे. तरी अम्मीचं तोंड नाही दिसलं."

त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "अम्मीची खिदमत तू एकटीनं केलीस. मला माफ कर, आपा."

सांगायची वेळ हीच, हे तिला कळत होतं.

"केलं," ताहिरा म्हणाली.