मागच्या चाकांमधला आवाज

मित्रांनो, डेअरीच्या फाटकापाशी रंग उडालेला निळा ट्रक उभा असतो, तो मीच. वय एकवीस, म्हणजे ट्रकांमध्ये म्हाताराच. बहुतेक गाड्यांची दोनच चाके जोर लावतात, माझी मात्र चारही. म्हणून डोंगरावरच्या गोठ्यांतले दूध खाली आणण्याचे काम माझ्याकडे आले.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर ज्यांनी माझे स्टिअरिंग पहिल्यांदा हातात घेतले, तेच आजही माझे मालक आहेत. चिखलात रुतलेल्या कितीतरी गाड्या आम्ही दोघांनी ओढून काढल्या. "याला फक्त चढ दाखवा," असे लोक म्हणत, आणि मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे. मालक दर महिन्याला पोते अंथरून माझ्याखाली शिरत. माझ्या मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचा जोर त्यातल्या दातेरी चक्रांमधून चाकांना मिळतो, आणि ती चक्रे तेलात बुडालेली असावी लागतात. मालक ते तेल न चुकता तपासत.

पुढे मालकांचे गुडघे धरले. खाली शिरणे आधी लांबले, मग बंदच झाले. नेमके त्याच सुमारास एका चाकाजवळचे रबरी सील फाटले आणि तेल थेंबाथेंबाने गळू लागले. धुळीत पडलेला थेंब कोणाला दिसणार? मी दुखणे अंगावर काढत राहिलो. तेल उतरले तसा मागून बारीक घुं घुं आवाज येऊ लागला.

दुधाचे कॅन चढवायला-उतरवायला मालकांची लेक रोज सोबत येई. तिने तो आवाज लगेच टिपला.

"बाबा, मागून काहीतरी घुमतंय. मिस्त्रींना दाखवू या का?"

"हो, हो," मालक रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले.

आठवडा गेला. तिने पुन्हा सांगितले, पुन्हा "हो, हो". तिसऱ्यांदाही तेच झाले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. "यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," असे पुटपुटून ती खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघे माझ्या केबिनमध्ये शेजारी बसत, पण शब्द नाही. भांडण माझ्यावरून झाले होते, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

एका सकाळी भरलेले कॅन घेऊन आम्ही डोंगर उतरत होतो. माझे घुमणे आता विव्हळण्यावर आले होते. गोळा तापला, उतारावर ब्रेक तापल्यावर येतो तसा जळका वास केबिनपर्यंत पोचला.

"बाबा, थांबवा," लेक म्हणाली. मालक गाडी चालवतच राहिले.

तिने त्यांचा दंड धरून हलवला, पण तोवर आतली चक्रे एकमेकांत अडकली होती. मागची दोन्ही चाके एकदम जाम झाली आणि मी खडीवर आडवा घसरत दरीकडे निघालो. मालकांनी सारे बळ एकवटून स्टिअरिंग उलट्या बाजूला पिळले, आणि मी डोंगराच्या अंगाला जाऊन टेकलो. कॅन लवंडले. दूध रस्त्यावरून वाहत गेले. दोघांना खरचटलेही नाही.

दुपारी मिस्त्री आले. माझ्याखाली शिरून त्यांनी गोळ्याचे बूच उघडले. जेमतेम पेलाभर काळे तेल आले, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"काका, महिनाभर तरी बोंबलत असणार हा. ऐकू नाही आलं?" त्यांनी खालूनच विचारले.

"हो, हो," मालक म्हणाले.

लेकीने चमकून वर पाहिले. मिस्त्रींचे तोंड गाडीखाली होते, त्यांचे ओठ मालकांना दिसत नव्हते. ती मालकांच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

 मालक खाली बघत म्हणाले, "दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर गाडीला हात लावू दिला असता का कोणी?"

"आणि मी तुमच्यावर रुसून बसले होते."

"रुसली होतीस?" मालकांनी तिच्याकडे पाहिले. "मला वाटलं, थोडाफार ऐकू यायचा तो तुझा आवाजसुद्धा आता गेला."

 लेकीने त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघे कितीतरी वेळ माझ्या पायरीवर बसून राहिले.

मी दीड महिना गॅरेजमध्ये होतो. नवी चक्रे आली, नवे सील आले. आता मला लेक चालवते. मालक कानाला यंत्र लावून तिच्या शेजारी बसतात. पहिल्याच दिवशी इंजिन सुरू झाले तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा एवढा गोंगाट करतो होय?" लेक हसता हसता रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीचे तेल बघणे अवघड नाही. गोळ्याच्या बाजूचे बूच काढायचे आणि आत बोट घालायचे. बोटाला तेल लागले नाही, तर गाडी जागची हलवू नका. घरातल्या माणसाचे मात्र असे बोट घालून कळत नाही. त्याच्यासमोर बसून, त्याला आपला चेहरा दिसेल असे, पुन्हा एकदा विचारावे लागते.