ज्येष्ठमधाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीत जन्मले तेव्हा मी लालबुंद आणि मऊ होते; ते दिवस अजून स्वप्नात येतात. पुढे एका बंद खोलीतल्या टेबलावर आले आणि पोटात ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन नऊ वर्षं बसले.

त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड होतं. तिथे वाचनाच्या बाई अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि काचेपलीकडे बसून काका ते रेकॉर्ड करायचे. बाई समुद्राचं वर्णन वाचू लागल्या की आपण तरंगतोय असंच मला वाटायचं. घसा सुकला की त्यांचा हात माझ्याकडे वळायचा. हिच्यामुळेच माझा आवाज टिकलाय, असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. खोटं कशाला बोलू, मला हरभऱ्याच्या झाडावर चढल्यासारखं व्हायचं.

मग बाईंचं डोकं दुखू लागलं. घोटे सुजले, पायांत गोळे येऊ लागले. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग वाढवल्या. बाईंनी मीठ सोडलं, तरी आकडा उतरेना. असंच चाललं तर वाचन थांबवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. एक जाडजूड कादंबरी अर्धी राहिली होती. त्या दिवशी बाई माझ्याशेजारी बसून रडल्या, आणि रडतारडताच त्यांनी एक काडी तोंडात टाकली.

पुढच्या तपासणीला काका सोबत गेले. बाईंच्या पिशवीत मीही होतेच. काय काय खाता, असं डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, मला सोडून. रेकॉर्डिंगच्या खोलीत खायला सक्त मनाई होती, पण मी चालायचे. त्यांच्या लेखी मी खाणं नव्हतेच.

काका खाकरले. "डॉक्टर, ह्या दिवसभर ज्येष्ठमध चघळतात. काडी चावल्याचा आवाज मी रेकॉर्डिंगमधून रोज वीसेक वेळा कापतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज इतका ज्येष्ठमध पोटात गेला तर अंगात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो, असं त्यांनी समजावलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"ते काय सांगायचं? ते तर घशासाठी होतं," बाई म्हणाल्या.

मला फार लाज वाटली. काड्या त्याच दिवशी टाकून दिल्या. काही आठवड्यांनी आकडा उतरला. बाई आता पानापानाला थांबून पाणी पितात आणि काका न कुरकुरता वाट पाहतात. मी रिकामी होऊन कपाटावरून ऐकते. कादंबरीचे शेवटचे दोन भाग राहिलेत.

मित्रांनो, एखादी काडी कधीतरी चघळली म्हणून घाबरू नका. पण अति तिथे माती. डॉक्टरांनी विचारलं, तर मलाही मोजा. बाईंचा माझ्यावर जीव होता, म्हणूनच माझं नाव घ्यायचं राहून गेलं.