काळजातलं विकर

"आधी नाडी बघू द्या, मग काय ते बोला," म्हणत निशानं दारातल्या बायकांना कोपरानं बाजूला सारलं.

लिंबायत वस्तीतल्या एका खोलीच्या घरात तिची आई, अंजनाबाई, घामानं निथळत होती. पाय आपोआप झटकत होते. शहरात प्लेग आला त्या सालापासून इथं कुणाला ताप भरला की निम्मी गल्ली काढता पाय घ्यायची. निशानं रिक्षा बोलावली आणि आईला दवाखान्यात नेलं. तिथला तरुण गुजराती डॉक्टर म्हणाला, "बेन, मेलेरिया लागे छे."

निशाला पटेना. पोरगी मुलखाची हट्टी, पण हट्ट उगाच नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती उंदरांच्या हृदयावरच संशोधन करत होती. सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनाचा थेंब पडला की हृदयाचा तुकडा जोरात धडधडतो. मग स्नायूतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते सेरोटोनिन तोडून टाकतं आणि धडधड ओसरते. औषधानं ते विकर बंद पाडलं, की धडधड काही केल्या थांबत नाही. नवरा गेल्यापासून आई उदासीवर जी गोळी घेत होती, ती नेमकी हेच विकर बंद पाडणारी.

"आई, आणखी काय खाल्लंस?"

"कलाबाईनं देल्ली एक गोळी. तिले लय गुन आला म्हने."

झालं. गल्लीची जुनी खोड, भाजीच्या वाटीसारख्या गोळ्याही घरोघर फिरायच्या. शेजारच्या कलाबाईची गोळीही उदासीवरचीच, सेरोटोनिन वाढवणारी; म्हणजे एक गोळी ते वाढवणार आणि दुसरी तोडू देणार नाही. निशा तडक डॉक्टरकडे वळली.

"डॉक्टर, दोन्ही गोळ्या बंद करा. अंग गार ठेवा, झटके थांबवा. मी हेच शिकतेय, माझं ऐका."

डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, पाय वाकवून पाहिला, खूण पटली आणि वाद न घालता इंजेक्शन भरलं.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईचा ताप उतरला. "तुले कसं समजलं वं?" तिनं विचारलं.

"उंदरांच्या काळजावरून."

"त्यायले दुखते का?"

"आधी बेशुद्ध करते मी."

"मंग उठतात ते?"

एरवी कुणापुढं हार न मानणारी निशा खाली बघत म्हणाली, "नाही."

आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला. "पुनवेले बुद्धापुढं मेनबत्ती लावतो ना आपन, तवा त्यायच्या नावाची बी एक लावत जाय."