एकच चिठ्ठी

प्लास्टिकच्या कपातलं ते गढूळ… हे आपल्याच आतलं, हे थाव्रीला पटेना. परिचारिकेनं त्यात लघवी तपासायची पट्टी बुडवली. तिच्यावरचा एक चौकोन सावकाश जांभळा होत गेला.

"कितव्यांदा, बोंग?" परिचारिका वयानं लहान, म्हणून थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'बोंग'.

"तिसऱ्यांदा."

"मागच्या गोळ्या पुऱ्या केल्यात?"

नव्हत्या. जळजळ थांबली की गोळ्या थांबायच्या. उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी — जणू पुढची वेळ ठरलेलीच. या खेपेला मात्र ताप आला, डाव्या कुशीत मागून कुणी मूठ रोवावी तसं दुखू लागलं, आणि काल फिरुणनं, नवऱ्यानं, चटई वेगळी अंथरली. बोलला काहीच नाही. पण अकरा वर्षांत त्याचं न बोलणं तिला पाठ झालं होतं : कुणाकडून आणलास हा रोग?

"पाणी किती पिता?"

थाव्रीला हसू आलं. कारखान्यात शिलाईच्या रांगेत साठ जणी, लघवीला बाहेर जायची चिठ्ठी एक; आणि परतायला जरा उशीर झाला की मुकादमीण सारोम मावशी सगळ्यांदेखत ओरडायची, "काय गं, तिकडे बाळंत झालीस की काय?" म्हणून सकाळच्या भातानंतर ती संध्याकाळपर्यंत घोटभरही पीत नसे… आधी जड गेलं, मग तहानच लागेनाशी झाली, आणि याचा तिला चक्क अभिमान होता.

"तेच भोवलं. हा बदचालीचा रोग नव्हे, बोंग. तुंबवून धरायचं नाही. लघवी प्रयोगशाळेतही पाठवते. बहुतेक मूत्रपिंडापर्यंत गेलंय. बरं वाटलं तरी गोळ्या पुरे सात दिवस. उलट्या झाल्या, नाहीतर परवापर्यंत ताप उतरला नाही, तर थेट मोठ्या दवाखान्यात."

"नवऱ्याला काय सांगू?"

"घेऊन या. मी सांगते."

बाहेर चिंचेखालच्या बाकावर ती घरी जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसली. काय सांगायचं ते जुळवू लागली — पाणी कमी पडलं, बाकी काही नाही, परिचारिकेलाच विचार… वाक्यं जुळेनात. प्रत्येक वाक्य आरोपीच्या तोंडचं वाटे. आणि आरोप तर कुणी केलाच नव्हता. नुसती चटई सरकली होती, हातभर.

पहिल्या जळजळीपासूनच्या तीन आठवड्यांत त्यानं 'दुखतंय का?' एवढंही विचारलं नव्हतं — हे तिला आत्ता, पहिल्यांदा दिसलं. आता राग येईल म्हणून ती थांबली. राग आला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातलं ऐकावं तसं ते लांबचं, गार वाटलं… आणि त्या गारव्याचीच तिला थोडी भीती वाटली.