मागच्या कार्बोरेटरची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे आणि आधीच सांगतो, माझा स्वभाव चांगला नाही. दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स गाडीत आम्ही दोघे आहोत, एक पुढचा आणि एक मागचा. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं, हे आमचं काम. मी मागचा. कौतुक झालं की पुढच्याचं, आणि पेट्रोल गळलं की शिव्या मला!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता चकाकत होतो. गाडीचे मालक, म्हणजे बाबा, वीस वर्षं दर रविवारी मला स्वतः साफ करायचे. ते गेले आणि गॅरेजमध्ये गाडीवर ताडपत्री पडली. अकरा वर्षं कुणी फिरकलं नाही. पेट्रोल आत सुकून चिकट झालं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

मग एक दिवस त्यांची मुलं भांडतच आत आली. ताईला गाडी चालवायची होती. धाकट्या भावाला त्या जागेत ऑफिस थाटायचं होतं. शेवटी ठरलं, शनिवारी दुपारपर्यंत गाडी सुरू झाली तर ताईची, नाहीतर भंगारात.

ताईने आम्हा दोघांना काढलं, मग आम्ही ज्यावर बसतो तो मॅनिफोल्डही उतरवला. गंजलेल्या नटांनी तिची बोटं सोलून काढली. सगळं धुऊन, नवं पॅकिंग घालून तिने मॅनिफोल्ड परत बसवला आणि आत काही पडू नये म्हणून त्याच्या दोन्ही भोकांत फडकी कोंबली. पुढचं फडकं काढून पुढचा कार्बोरेटर बसवला. एवढ्यात धाकटा येऊन टपकला.

"बाबांची लाडकी ना तू? त्यांच्या आजारपणात कुठे होतीस गं?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "तुझ्या तोंडी लागायला वेळ नाही मला!" म्हणत तिने मला उचललं, फडकं तसंच आत ठेवून वर बसवलं आणि नट आवळले. धाकट्याने ते पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं! आणि मूग गिळून बसला.

चावी फिरवायला तोच हौसेने सीटवर बसला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं.

"झालं समाधान? बोलावू भंगारवाल्याला?"

"पुन्हा फिरव," ताई म्हणाली. तिने पुढच्याच्या तोंडावर हात धरला. हवेची ओढ लागली. माझ्या तोंडावर धरला, तर काहीच नाही. तिने मला काढलं आणि आतलं फडकं खेचून बाहेर घेतलं.

"तू समोर उभा होतास. दिसलं ना तुला?"

"मी काय तुझा हेल्पर आहे?"

ताईने मला पुन्हा बसवलं, त्याला सीटवरून उठवलं आणि गाडी सुरू करून निघून गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

मित्रांनो, यंत्रांना जपा, तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. ते तुम्ही या कानाने ऐकता आणि त्या कानाने सोडता. एवढंच सांगतो, समोरच्याची चूक दिसली तर आधी सांगा, मग पोटभर भांडा. आत फडकं आहे, हे मलाही ठाऊक होतं. पण मला बोलता येत नाही. त्याला येत होतं.