बोंडूची पिशवी

"पाय गेले ना? जातातच, मावशी," काउंटरवरून मान वर न करता हर्षद म्हणाला. "नुसत्या फळांवर ठेवलं की काही महिन्यांत मागचं धड लुळं पडतं. टेन्शन नको घेऊ. दुसरा देतो ना."

शकुमावशीच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत बोंडू निपचित पडला होता. मुठीत मावेल एवढा राखाडी जीव, पाठीवर काळी रेघ, डोळे सगळ्या तोंडभर. शुगर ग्लायडर म्हणतात त्याला. हातपाय ताणले की दोन्ही बाजूंची कातडी पसरते आणि स्वारी कपाटावरून तरंगत थेट आपल्या खांद्यावर येते. त्या सकाळीही बोंडू यायला निघाला, पण मध्येच दाणकन जमिनीवर पडला. मग पुढच्या दोन पायांनी बाकीचं अंग ओढत ओढत मावशीच्या पायाशी आला. ती तशीच चपला सरकवून हर्षदच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात आली होती.

"जातातच? म्हणजे तुला माहीत होतं?"

"धंदा आहे, मावशी. याला अंडं लागतं, जिवंत अळ्या लागतात, कॅल्शियमची पावडर लागते, एकटा ठेवला तर झुरतो, हे सगळं सांगत बसलो तर घेणार कोण? सफरचंद, केळं, मध सांगायचं. गिऱ्हाईक खूश, आपण खूश."

मावशी काही बोलली नाही. असल्फ्याच्या तिच्या बिल्डिंगमध्ये तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पाण्याच्या पंपावरून सोसायटीच्या सेक्रेटरीला तिने जिना चढायला लावून माफी मागायला लावली होती. ती गप्प राहिली म्हणजे काय, हे हर्षदला कळायला हवं होतं. पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

"दिवाळीच्या पिशव्यांचं कापड दे," एवढंच ती म्हणाली.

मावशी जिन्याखालच्या खोपटात फॉल-पिकोचं काम करायची. हर्षदच्या दुकानात जे ग्लायडर विकले जायचे, ते झोपायचे तिने शिवलेल्या मऊ पिशव्यांत. पिशवी प्राण्यासोबतच गिऱ्हाइकाला मिळायची. बोंडू हर्षदनेच दिला होता. जोडीचा दुसरा मेला आणि हा कोपऱ्यात अंग आखडून बसला, तेव्हा तो म्हणाला होता, "घेऊन जा, मावशी. हा एकटा, तूही एकटी." नवरा जाऊन, मुलगी लग्न होऊन पुण्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशीला वाटलं, पोरगा मनाने चांगला आहे. तिने स्वतःच्या जुन्या शालीची पिशवी शिवली, त्याचं नाव तिच्या गावच्या, कणकवलीच्या काजूच्या बोंडावरून बोंडू ठेवलं आणि दिवसभर त्याला छातीशी घेऊन मशीन चालवू लागली.

मुलुंडच्या प्राण्यांच्या डॉक्टर प्रियंकांनी बोंडूचा एक्स-रे फोटो काढला. फोटोत हाडं दिसतच नव्हती म्हणा ना, नुसती धुरकट रेघ. "खाण्यात कॅल्शियम नाही, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. काय देत होतात?"

"फळं. मध. आणि घावणे केले की नारळाचा रस. गूळ घालून. चाटूनपुसून खायचा हो."

डॉक्टर औषध लिहू लागल्या. "प्रेमानं दिलंत, कळतंय मला. पण गोड बंद करा."

मग मावशीच्या घरात अळ्यांचा डबा आला. सोमवार पाळणारी बाई, पण सोमवारीसुद्धा चिमट्याने अळ्या भरवू लागली. अंडं उकडून कुस्करायचं, त्यावर पावडर भुरभुरवायची, जिभेवर औषधाचे थेंब. त्याने पडू नये म्हणून पिंजऱ्यातल्या सगळ्या फांद्या काढून तळाला गोधडी घातली. बोंडू खायचा. मिशा पुसायचा. मागचे पाय मात्र दोऱ्यासारखे लोंबतच राहिले.

आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हर्षदचं वाटोळं व्हावं, असं तिने गणपतीपुढे हात जोडून, स्पष्ट शब्दांत मागितलं. गणपती असल्या कामात पडेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने सुई हातात घेतली.

पिशवीला आतून अस्तर असतं. अस्तराच्या तळाशी तिने लाल दोऱ्याने साखळी टाक्यात अक्षरं भरली: "नुसत्या फळांनी याचे पाय जातात. दुकानदाराला माहीत आहे." बाहेरून काही दिसत नव्हतं. पण हे प्राणी पिशवीतच मुततात. आठवडाभरात पिशवी धुवावी लागते, आणि धुवायची म्हणजे उलटी करावीच लागते. पाय जायला काही महिने लागतात. तोवर कितीतरी वेळा ती उलटी झालेली असणार.

चार-पाच पिशव्या झाल्यावर तिने पहिली हातात धरून पाहिली. हर्षदला झोंबेल, बरोबर. पण पिंजऱ्यातल्याने खायचं काय? शिव्या देत तिने सगळ्या पुन्हा उलट्या केल्या आणि खाली आणखी एक ओळ भरली: "अंडं, अळ्या, कॅल्शियम द्या. जोडीने ठेवा."

"झकास काम, मावशी! तुझ्या हाताला तोड नाही," गठ्ठा घेताना हर्षद म्हणाला.

"बाप्पाची कृपा," तोंडात साखर ठेवून मावशी म्हणाली.

दिवाळीत पोरांना भेट म्हणून ग्लायडर धडाधड खपले. भाऊबीज झाली आणि मावशी रोज संध्याकाळी हर्षदच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागली. बोंडू गळ्यात. चहा थंड व्हायचा, पण तिची नजर समोरून हलायची नाही.

पहिला आला तो सम्यक नावाचा तरुण बाप, पवईला बँकेत कामाला. ओली पिशवी त्याने उलटीच काउंटरवर आपटली. "हे वाच. मोठ्याने वाच. माझ्या मुलीने मला वाचून दाखवलं, आता तू मला वाचून दाखव!"

हर्षदने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा पडलेला मावशीने रस्त्यापलीकडून डोळे भरून पाहिला. तो चहा तिला गेल्या कित्येक दिवसांतला सर्वांत गोड लागला. दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या, मग एक अख्खं कुटुंब. कुणीतरी मोबाइलवर लाल अक्षरांचा फोटो काढला आणि तो असल्फ्यापासून विक्रोळीपर्यंत फिरला. काचेवरचं ग्लायडरचं पोस्टर उतरलं. मागाहून अर्धं शटरही उतरलं. मावशीला जराही वाईट वाटलं नाही.

हर्षद आला तो भरदुपारी. जिन्याखाली वाकून आत शिरला, उरलेल्या पिशव्या तिच्या मशीनवर ओतल्या.

"वाट लावलीस माझी, मावशी. मी तुला काम दिलं, जनावर फुकट दिलं, आणि तू? उसव हे सगळं. आत्ताच्या आत्ता."

"वाट लावली? तू चालत आलास ना इथवर? दोन्ही पायांवर?"

हर्षदची नजर खाली स्वतःच्या पायांकडे गेली. मग त्यालाही चेव आला. "आणि तू काय केलंस गं? नारळाचा रस कोण पाजत होतं त्याला? गूळ घालून? तूच कौतुकाने सांगायचीस. मी सांगितलं होतं का ते?"

मशीनचं चाक मावशीच्या हाताखाली थांबलं. हा घाव बरोबर बसला होता. रात्र रात्र तिने स्वतःला हेच विचारलं होतं. बोलली तेव्हा तिची गावची बोली तोंडात आली, जी नवरा गेल्यापासून तिने कुणाशी काढली नव्हती.

"पाजलंय. माका ठाऊक नव्हतां. तुका ठाऊक होतां."

हर्षदने खोपटात इकडेतिकडे पाहिलं. "कुठंय तो?" त्याने विचारलं. आवाज उतरला होता.

मावशीने गळ्यातली शालीची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. पिशवीला वजनच नव्हतं. "परवा गेला," ती म्हणाली. "खाऊन, मिशा पुसून झोपला. उठला नाही."

हर्षद पिशवी चाचपत उभा राहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने ती उलटी केली. तळाशी बोट फिरवलं. अस्तर कोरं होतं.

"यात काहीच लिहिलं नाहीस?"

"ही त्याला आणला त्या दिवशी शिवलेली," मावशी म्हणाली. "तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

तिने पिशवी त्याच्याकडून घेतली, सुलटी केली आणि पुन्हा गळ्यात अडकवली. मशीनवरचा ढीग तसाच उचलून त्याच्या हातात दिला, एकही टाका न उसवता. मग एक साडी ओढली आणि तिला फॉल लावायला घेतला.